एका दाराला एकच भाषा

कर्नाटकातल्या मादन हिप्परग्यातून मुंबईला फोन लागतो तेव्हा पहिलं वाक्य कन्नड असतं, ‘ऊट आतेन?’ जेवण झालं का ते कळलं की नातवाची चौकशी मराठीत, ‘पोरगं काय करायलंय?’ आणि मुकादमाने पैसे दिले की नाही हा विषय निघाला की दोन्ही टोकांना दखनी सुरू. तीन मिनिटांत तीन भाषा. आपण भाषा बदलली हे बोलणाऱ्यांच्या गावीही नसतं.

मागे टीव्हीवर ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ चालू असतं. जुलै 2008 पासून गोरेगावची ती काल्पनिक गोकुळधाम सोसायटी देशाला मुंबई म्हणजे काय ते शिकवते आहे. जेठालाल कच्छच्या भचाऊचा, भिडे मास्तर रत्नागिरीचे, सोढी पंजाबी, अय्यर तमिळ. बाहेरून आलेल्या कुटुंबांचं शहर, आणि प्रत्येक दारामागे एक प्रांत. कुणी म्हणेल, अय्यरची बायको बंगाली आहे, सोढीची पारशी. खरं आहे. पण तिथेही नवऱ्याच्या गळ्यात एक पाटी आणि बायकोच्या गळ्यात दुसरी. दोन पाट्या एकाच माणसाच्या गळ्यात कधी दिसत नाहीत.

ही युक्ती जुनी आहे. 1977 साली ब्रिटिश टीव्हीवर ‘माइंड युवर लँग्वेज’ आली. लंडनमधला इंग्रजीचा वर्ग, बाकागणिक एक देश. तीच कल्पना पंकज कपूरच्या ‘जबान संभालके’मध्ये हिंदीच्या वर्गात आली. लेखकाची सोय मी समजू शकतो. बावीस मिनिटांत माणूस ओळखू यायचा तर एक उच्चार, एक पदार्थ, एक सण पुरेसा. फक्त हळूहळू प्रेक्षकालाही वाटू लागतं की माणूस असाच असतो.

पण मादन हिप्परग्याकडचा माणूस असा नसतो. तिथला आळंद तालुका निजामाच्या राज्यात होता. मराठी, कन्नड आणि तेलुगू मुलूख तिथे एका छत्राखाली नांदत होते. 1 नोव्हेंबर 1956 ला त्या राज्याचे तीन वाटे झाले आणि गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. वाटणी भाषेवर झाली, पण स्वयंपाकघरापर्यंत ती पोचली नाही. पोचणार तरी कशी? गाणगापूर इथून लांब नाही. तिथल्या नृसिंह सरस्वतींचं ‘गुरुचरित्र’ मराठी घरांत सप्ताहाला वाचतात, आणि ते रचणाऱ्या सरस्वती गंगाधरांची घरची भाषा कन्नड होती. गावाचं नावच पाहा. हिप्पे म्हणजे कन्नडमध्ये मोहाचं झाड. हिप्परगा त्यावरूनच आला असावा असं मला वाटतं. हिप्परगे सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत, आणि मराठी माणूस हे नाव आपलंच समजून उच्चारतो. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द उच्चारतो तसंच.

मराठी मालिकांनी बोलींना जागा दिलीच नाही असं नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरकडची. तिच्या वऱ्हाडी हेलाला हसता हसता लोक तिच्या बाजूचे झाले. बाहेरून शहरात आलेल्या बाईची ती खरी गोष्ट होती. कोल्हापूरही आलं, सातारा आला. पण हेल एक आणि बाई एक असली तरच हे जमतं. ज्या घरात सून मराठी, सासू कन्नड आणि देव्हाऱ्यातला खंडोबा दोघींचा, तिथे लेखकाची लेखणी अडते.

खंडोबा तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, आणि लोकपरंपरेत आणखी तीन बायका, निरनिराळ्या जातींच्या. कन्नड मुलखात त्यालाच मैलार म्हणतात. ‘जय मल्हार’ 2014 ते 2017 अशी तीन वर्षं चालली आणि मराठी प्रेक्षकाने ते घर आवडीने पाहिलं. हाताशी एवढा ऐवज होता, पण माझ्या लक्षात राहिलं ते मुख्यतः सवतींचं भांडण.

आळंदकडचं कुटुंब मुंबईत पोचतं तेव्हा पहिला प्रश्न पोराच्या शाळेचा. मुंबई महापालिकेच्या शाळांत कन्नड माध्यमही आहे, मराठीही आहे. म्हणजे शहराने दार उघडं ठेवलंय, पण आत शिरायचं तर एक दार निवडायचं. दाखल्यावर मातृभाषेची रेघ एकच. आजी जी बोलते ती लिहायची की आई बोलते ती? जनगणनेचा तक्ता जरा उदार म्हणायचा; मातृभाषेनंतर आणखी दोन भाषांना तो जागा देतो. सरकारी तक्त्याला जे सुचलं ते मालिकेला सुचू नये, याची मला गंमत वाटते. आणि थोडी भीतीही, कारण पोरगं तक्ता पाहत नाही, मालिका पाहतं. वर्गात ‘तुम्ही नक्की कोण?’ असं कुणी विचारलं की ते दोनांतली एक भाषा गिळतं. बहुधा आजीचीच.

मग येळ्ळामावास येते. मार्गशीर्षातली ती अमावास्या, लातूर, धाराशिव, सोलापूरपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत शेतात साजरी होणारी. मराठीत आपण तिला वेळा अमावास्या करून टाकलं, तरी आतलं कन्नड ‘येळ्ळ’ लपत नाही. भज्जी, अंबील, उंडे, आणि शेतातल्या कोपीत बसलेलं सगळं गणगोत. गोकुळधाममध्ये गणपती होतो, नवरात्र होतं, होळी होते. येळ्ळामावास तिथे अजून आलेली नाही. कधी आलीच तर आळंदकडचं कुटुंब त्या दिवशी सोसायटीत सापडणार नाही. आदल्या रात्री दाराला कुलूप लावून ते गावाकडे निघालेलं असेल, आणि सकाळी हातात खडू घेतलेल्या भिडे मास्तरांना पंचाईत पडेल की सोसायटीच्या फळ्यावर या सणाच्या शुभेच्छा लिहायच्या तर कोणत्या भाषेत.