घरातली हेरगिरी

‘द फॅमिली मॅन’ ही हेरमालिका २०१९ साली आली, तेव्हा बोरी अरबमधील तरुणांच्या बोलण्यात तिचा विषय वारंवार निघे. मीही ती पाहिली. इमामाने अशी कबुली द्यावी का, असे काहींना वाटेल. तिच्यातील शिवराळ भाषा आणि काही दृश्ये कुटुंबासह पाहण्याजोगी नाहीत, हे आधीच सांगतो. तरीही तिच्यातील एक प्रसंग मनातून जात नाही.

करीम नावाचा विद्यार्थी. केवळ संशयावरून हेरखात्याची माणसे त्याच्या मागावर राहतात आणि तो मारला जातो. पुढे तो निर्दोष असल्याचे त्यांना कळते. जगासमोर मात्र त्याला दहशतवादीच ठरवले जाते. नावावरून शंका घेतली जाण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. तो भाग पाहताना आपल्यापैकी अनेकांचे डोळे भरून आले असतील.

परंतु मला अधिक अस्वस्थ केले ते निराळ्याच गोष्टीने. मनोज बाजपेयी यांनी साकारलेला श्रीकांत तिवारी हा हेर घरी येतो, तेव्हा पत्नीकडेही शंकेच्या नजरेने पाहू लागतो. शंका घेणे हा त्याचा पेशाच आहे आणि तो पेशा चपलांसारखा उंबरठ्याबाहेर काढून ठेवता येत नाही. आपला तर तो पेशाही नाही.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत अल्लाह तआलाने बदगुमानी, इतरांची टोह घेणे आणि गीबत या तिन्हींची एकत्र मनाई केली आहे. हा क्रम मला विलक्षण वाटतो. शंका आली की पाळत सुरू होते, आणि पाळतीत हाती लागलेले पोटात राहत नाही.

मी स्वतः एकदा मकतबमधील एका मुलावर अशी पाळत ठेवली होती. चूक काहीच निघाली नाही. मी मागे उभा असल्याचे मात्र त्याने पाहिले होते. त्यानंतर कितीतरी दिवस सबक ऐकवताना तो माझ्याकडे पाहत नसे.

हेरगिरी मुळातच निषिद्ध आहे, असे मात्र नाही. हिजरी सन ५ मध्ये, खंदकच्या लढाईत, गारठ्याच्या वादळी रात्री पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत हुजैफा (रजि.) यांना शत्रूच्या छावणीत पाठवले. केवळ खबर आणायची, कोणाला डिवचायचे नाही, एवढीच आज्ञा होती. शत्रूचा सरदार अबू सुफियान शेकोटीशी पाठ शेकत होता. हुजैफांनी बाण धनुष्याला लावला, आज्ञा आठवली आणि बाण परत घेतला. पुढे याच हुजैफांकडे मुनाफिकांच्या नावांचे गुपित सोपवले गेले आणि त्यांनी ते जपले. हजरत उमर (रजि.) यांनीही त्यांना विचारले होते, त्या नावांत आपले नाव तर नाही ना, ही त्यांची चिंता होती.

मागे इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ थांबले. “मौलाना, मुलगी झोपल्यावर तिचा मोबाइल पाहिला तर गुनाह होईल का?” मुलीची जबाबदारी त्यांच्यावर आहेच, ती मी कशी नाकारू? मी म्हणालो, “भाईजान, आधी ती जागी असताना तिला विचारून पाहिलेत का?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तिच्याशी शेवटचे निवांत कधी बोललो, तेच आठवत नाही.”