मनगटावरचं अनुमान

आमच्या वन्संचं म्हणणं असं, की दुःख मोजू नये, मोजलं की वाढतं. ते देवाच्या पायाशी ठेवावं आणि गप्प राहावं. केमो सुरू झाल्यापासून मी रोज संध्याकाळी फोनवर मळमळ, थकवा, मुंग्या यांना शून्य ते चार असे गुण देत बसते. वन्संना यात श्रद्धेची खोट दिसते. मी कॉलेजात न्यायदर्शन शिकवलं, त्यामुळे मला हे पटत नाही. गौतमाच्या सूत्रांत जाणून घ्यायच्या बारा गोष्टींची यादी आहे. ती आत्म्यापासून सुरू होते, आणि मोक्षाच्या अगदी अलीकडे, अकराव्या जागी दुःख आहे. शिवाय ईश्वर सिद्ध करायला 'न्यायकुसुमांजली' लिहिणारे उदयनाचार्य याच परंपरेतले. तेव्हा नास्तिकपणाचा आळ नको.

माझा प्रश्न निराळा आहे. माझ्या दुःखाला प्रमाण कोणतं?

लेकीने मनगटावर घड्याळ बांधलंय. ते नाडी मोजतं, पावलं मोजतं आणि सकाळी सांगतं, 'झोप सात तास, छान!' केमोच्या दिवशी सलाईनमधून स्टेरॉइड देतात. त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, मी पंख्याकडे बघत निपचित पडून असते. हालचाल नाही, म्हणून झोप. जागा माणूसही निश्चल पडतो, तेव्हा हा हेतू सव्यभिचार, म्हणजे झोप नसतानाही सापडणारा. माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनीही तो पकडला असता.

तापाचं मात्र वेगळं. केमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा मला कितीही हुशारी वाटो, थर्मामीटरवर 100.4 दिसलं की लगेच दवाखान्यात फोन. तिथे माझं मत कुणी विचारूच नये.

पण तळपायांची जळजळ कुठल्या यंत्राला दिसणार? ती फक्त माझ्या मनाला प्रत्यक्ष. इतरांच्या हाती माझा शब्द. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी आप्ताला, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानायचा त्याला, दोन अटी घातल्या आहेत: गोष्ट स्वतः अनुभवलेली हवी, आणि जशी अनुभवली तशीच सांगायची इच्छा हवी. पहिलीत प्रत्येक रोगी पास. दुसरीत आम्ही बायका हमखास नापास! डॉक्टर डोस कमी करतील, लेक रजा टाकून बसेल, म्हणून आपलं 'बरं आहे हो.' फोनचा चेहरा पडत नाही, त्यामुळे त्याला खरं सांगायला जड जात नाही.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये कर्करोगतज्ज्ञ ईथन बाश यांनी लक्षणं अशी स्वतः कळवल्याने काय होतं, हे 766 रुग्णांवर तपासलं. आयुर्मानाचे आकडे 2017 साली छापून आले. सगळ्यांचा कर्करोग पसरलेला, उपचार नेहमीचेच. एका गटाने बारा लक्षणं (बारा इथेही!) स्वतः कळवायची, बिघडलं की नर्सला ईमेल. या गटाच्या आयुष्याचा मध्यक 31.2 महिने निघाला, दुसऱ्याचा 26. नवं औषध एकही नव्हतं. वन्संना मी हे दोन्ही आकडे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "देवानेच बुद्धी दिली असेल त्याला." यावर मी काय बोलणार?

मागच्या आठवड्यात मी बोटांच्या बधिरपणाला तीन गुण दिले. थोड्या वेळाने नर्सचा फोन.

"काकू, ब्लाउजचे हुक लावता येतात का?"

"लेक लावून देते ना."

"म्हणजे नाही येत," असं म्हणून तिने पुढच्या पॅक्लिटॅक्सेलच्या केमोआधी डॉक्टरांची वेळ घेऊनही टाकली.