साक्षीला वकील नसतो

मराठींत ‘वकील’ हा एकच शब्द दोन व्यवसायांना पुरतो. पेशव्यांच्या वतीनें निजामाच्या दरबारीं राहणारा तोही वकील, आणि न्यायालयांत पक्षकाराच्या वतीनें उभा राहणारा तोही वकील. परराष्ट्राच्या कचेरीला आपण वकिलात म्हणतों तें पहिल्या अर्थावरून. दोन्ही अर्थांचें मूळ मात्र एक आहे: दुसऱ्याच्या ऐवजीं जो बोलतो तो वकील. कोल्हापुरांतील माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं अलीकडे वकिलावांचून वकिलातींत जाण्याचा प्रसंग आला, आणि त्या निमित्तानें एक प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला. जी गोष्ट दुसऱ्यानें आपल्या ऐवजीं बोलावी अशी नाहीं, ती स्वतः सांगतांना माणसानें किती सांगावें, आणि कोठें थांबावें?

प्रसंग असा. स्नेह्यांचा मुलगा अमेरिकेंत स्थायिक होऊन तेथील नागरिक झालेला. त्याचें लग्न आपल्याकडील रीतीप्रमाणें दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनीं जमविलें. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आणि अक्षता यांत जेमतेम पांच आठवड्यांचें अंतर. लग्नानंतर अकराव्या दिवशीं मुलगा कामावर रुजू होण्यासाठीं परत गेला, आणि सून राजारामपुरींतील सासरच्या घरीं राहिली. आतां तिला तिकडे नेण्यासाठीं पतीनें तेथील सरकारकडे अर्ज करावयाचा होता. त्या अर्जाच्या भाषेंत ही मुलगी ‘परदेशी पत्नी’ ठरते. जी रोज सकाळीं अंबाबाईच्या देवळावरून भाजी घेऊन येते, तिला परदेशी म्हणतांना घरांतील मंडळींना हंसूं आलें. पण परकेपणा हा पाहणाऱ्याच्या अंगणावर अवलंबून असतो, हें त्या एका शब्दानें पुरतें लक्षांत आलें.

मुलानें वकील न देतां अर्ज स्वतः भरण्याचें ठरविलें. कायद्यानें तशी पूर्ण मुभा आहे. प्रथम ‘आय-१३०’ हा अर्ज. त्यांत लग्न झालें आहे एवढेंच नव्हे, तर तें खऱ्या हेतूनें झालें आहे, हें दाखवावयाचें. तो मंजूर झाला म्हणजे ‘आय-८६४’ हें पोषणाच्या हमीचें प्रतिज्ञापत्र. शेवटीं मुंबईच्या वकिलातींत पत्नीची मुलाखत. सिद्ध करण्याचा भार सर्वस्वीं अर्जदारावर. पुरावा म्हणून सरकार ज्या गोष्टी सुचवितें त्या अशा: दोघांच्या नांवें घर किंवा भाडेपट्टा, एकत्र पैशाचा व्यवहार, मुलांचे जन्मदाखले, परिचितांचीं प्रतिज्ञापत्रें.

ही यादी वाचतांना एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या समाजांत तरुण-तरुणी प्रथम परस्परांशीं परिचय करून घेतात, मग एकत्र बिऱ्हाड करतात, त्या समाजाच्या संसाराचें हें चित्र आहे. आमच्याकडे घर सासऱ्यांच्या नांवावर, भाडेपट्टा नाहींच, सुनेचें बँकेंतील खातें माहेरच्या नांवाचें. छायाचित्रें शेंकड्यांनीं आहेत, पण त्यांत वधूवरांभोंवतीं चुलते, मावश्या आणि भाचरें यांची एवढी दाटी कीं दोघेंच कोठें दिसत नाहींत. संसार खरा, पण त्याचा कागद पातळ.

अशा वेळीं घरांतील अनुभवी माणूस पुढें येतो. मुलगा आठ दिवसांच्या रजेवर आला असतां त्याचे काका सुनेला म्हणाले, “सूनबाई, चार साड्या बरोबर घे. रंकाळा, पन्हाळा, जोतिबा आणि नृसिंहवाडी, सगळें एका दिवसांत उरकूं. चार सहलींचे फोटो होतील.” सून म्हणाली, “काका, आम्ही पन्हाळ्याला एकदांच गेलों. एकदांच गेलों असें लिहिलें तर चालणार नाहीं का?” काका दुष्ट नाहींत, लबाडही नाहींत. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, लग्न तर खरेंच आहे ना? मग खऱ्या गोष्टीला थोडा टेकू दिला तर त्यांत पाप कसलें?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. खऱ्या गोष्टीसाठीं दिलेला खोटा पुरावा हा खोटेपणा होय कीं नव्हे?

प्रथम सरकारची बाजू न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. केवळ परवान्यासाठीं लग्नें लागतात, ही गोष्ट खरी आहे. म्हणूनच अमेरिकेनें १९८६ सालीं कायदा कडक केला. लग्नाला दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वीं जी पत्नी त्या देशांत प्रवेश करते, तिला प्रथम दोन वर्षांचा सशर्त परवाना मिळतो, आणि मुदतीच्या अखेरच्या नव्वद दिवसांत उभयतांनीं मिळून पुन्हा अर्ज करावयाचा असतो. तेथील न्यायालयांनीं कसोटीही वाजवी ठरविली आहे: लग्नाच्या वेळीं दोघांचा एकत्र संसार करण्याचा हेतु होता काय? इंग्लंडमध्यें याहून विचित्र नियम होता. लग्नाचा मुख्य हेतु त्या देशांत येणें हा नव्हता, असें अर्जदारानें सिद्ध करावयाचें. नसलेला हेतु सिद्ध करावयाचा म्हणजे रिकामी ओंजळ दाखवून तींत कधींच कांहीं नव्हतें हें पटविण्यासारखें होय. तो नियम १९९७ सालीं रद्द झाला.

परक्या घरचें माणूस आपल्यांत घेतांना साक्ष मागणें, ही कांहीं पाश्चात्यांचीच रीत नव्हे. १९२८ सालीं इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांनीं अमेरिकन तरुणी नॅन्सी मिलर हिच्याशीं विवाह केला, तेव्हां आपल्या समाजानेंही प्रवेशपत्र मागितलेंच. विवाहापूर्वीं नाशिक येथें करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनीं तिला हिंदु धर्मांत घेतलें, आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. म्हणजे आमच्या करवीरच्याच पीठानें एका परदेशी पत्नीच्या वतीनें ग्वाही दिली. त्याच काळीं अमेरिकेचा कायदा उलट्या बाजूनें कठोर होता. नागरिकत्वास अपात्र अशा परकीयाशीं लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचें नागरिकत्व गमावीत असे. १९२३ सालच्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यानें हिंदी माणूस अपात्रांत जमा झाला होता, आणि स्त्रियांवरील हें संकट १९३१ सालीं टळलें. आज आपलें सरकारही परदेशी जोडीदाराला प्रवासी भारतीय नागरिकत्वाचें पत्र देण्यापूर्वीं विवाह नोंदलेला असावा आणि सतत दोन वर्षें टिकलेला असावा, अशी अट घालतें. तेव्हां दार ठोठावणाऱ्याला “कोण?” असें विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे. विचार करावयाचा आहे तो उत्तराचा.

आपल्या कायद्याकडे पाहिलें तर एक बोधप्रद भेद दिसतो. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें, जेथें सप्तपदीचा विधि आहे तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो. नोंदणीची तरतूद त्याच कायद्यांत पुढें आहे, परंतु नोंद न झाल्यानें विवाह बाधित होत नाहीं. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश दिला. तरीही दाखला हा लग्नाचा पुरावा आहे, तो लग्न नव्हे. वस्तु आणि वस्तूचा पुरावा यांतील हें अंतर काकांच्या सल्ल्यांत नाहींसें होतें. पुरावा कमी म्हणजे लग्नच कमी, आणि पुरावा वाढविला म्हणजे लग्नाला बळकटी आली, असें वाटूं लागतें. वास्तविक त्या चार साड्यांनीं संसारांत एका दिवसाचीही भर पडत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, मग अर्जासाठीं दोघांच्या नांवें खातें उघडणें हेंही ढोंगच नव्हे काय? मला तसें वाटत नाहीं. त्या मुलानें पत्नीच्या नांवें जोडखातें उघडलें, विम्याच्या कागदावर तिचें नांव घातलें. निमित्त अर्जाचें होतें, पण कृति खरी होती. तो पैसा उद्यां खरोखरच तिच्या हातीं येईल. जी कृति केल्यानंतर आपल्याला तिच्या परिणामांत राहावें लागतें ती खरी; जी छायाचित्र निघतांच संपते ती बनावट. हा भेद बारीक असला तरी रोजच्या व्यवहारांत सहज ओळखूं येतो.

बनावट पुराव्याचें पहिलें नुकसान दोघांना स्वतःला पोंचतें. दोघांनीं खोट्या चार सहलींची आठवण ठेवावयाची, तारखा जुळवावयाच्या, आणि मुलाखतींत त्या घोकावयाच्या. पन्हाळ्याच्या एका खऱ्या दिवसाची जी अपूर्वाई होती, ती मग त्यांना पुन्हा शुद्ध स्वरूपांत मिळत नाहीं. दुसरें नुकसान फार थोड्यांच्या ध्यानीं येतें. प्रत्येक फुगविलेली फाईल अधिकाऱ्याच्या मनांतील खऱ्या लग्नाचें माप वाढवीत जाते. उद्यां कागल-गडहिंग्लजकडील एखादी मुलगी आपली खरी पण पातळ फाईल घेऊन त्याच खिडकीशीं उभी राहील, तेव्हां तिच्यावरील संशय आम्हीं वाढविलेला असेल. लबाडी पकडली गेल्यास दंड आहे, तुरुंगवास आहे. पण ती पकडली न गेली तरी तिची किंमत कोणीतरी देतच असतो.

वकिलाचा प्रश्नही येथेंच सुटतो. वकील देणें हा दोष नव्हे. पूर्वीं अर्ज नामंजूर झालेला असेल, मुदतीबाहेर वास्तव्य घडलेलें असेल, फौजदारी खटला किंवा पूर्वींच्या विवाहाचा घोळ असेल, तर जाणत्या वकिलाचा सल्ला न घेणें हा केवळ अविचार होय. परंतु वकील युक्तिवाद करूं शकतो. साक्ष देऊं शकत नाहीं. सही पतीची, उत्तर पत्नीचें. गांवोगांवचे मध्यस्थ “तुम्ही फक्त सही करा” म्हणतात, त्यांच्या हातीं अर्ज देण्यांत खरा धोका हाच, कीं ते वकीलही नसतात आणि साक्षीदारही नसतात.

त्या हमीच्या प्रतिज्ञापत्राचेंच उदाहरण घ्या. पत्नीला सामान्यतः तेथील दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाखालीं येऊं देणार नाहीं, असें पती त्यांत सरकारला लिहून देतो. ही हमी घटस्फोटानें संपत नाहीं. पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा सुमारें दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, किंवा ती तो देश कायमचा सोडीपर्यंत किंवा दोघांपैकीं एकाचा मृत्यु होईपर्यंत ती बांधून ठेवते. आपल्याकडे उलट, विवाह मोडल्यास परदेशी जोडीदाराचें तें नागरिकत्वपत्र रद्द होऊं शकतें. मुलानें अर्ज स्वतः भरला म्हणून हें कलम त्यानें स्वतः वाचलें. एके रात्रीं त्यानें तें फोनवरून वडिलांना वाचून दाखविलें, आणि म्हणाला, “बाबा, अंतरपाटासमोर मीं काय काय कबूल केलें तें मला समजलें नव्हतें. हें समजून सही करतों.” वकिलावांचून अर्ज करण्याचा लाभ फीच्या बचतींत नाहीं, तो या एका वाक्यांत आहे.

आतां माझी स्वतःची गोष्ट. परिचिताचें प्रतिज्ञापत्र म्हणून माझ्यापुढें एक तयार मसुदा आला. त्यांत लिहिलें होतें कीं, या दोघांचें परस्परांवर निस्सीम प्रेम आहे हें मी जाणतों. मी लेखणी उचलली आणि थांबलों. मला तें ठाऊक नव्हतें. तें असावें अशी माझी इच्छा होती, पण इच्छा म्हणजे ज्ञान नव्हे. स्नेह्यांना माझें थांबणें रुचलें नाहीं. सुनेचें जाणें माझ्या एका वाक्यावर अडेल, अशी भीति त्यांच्या डोळ्यांत दिसत होती, आणि ती भीति अवास्तव होती असें मी म्हणणार नाहीं.

तेव्हां मीं सूचनांचा कागद पुन्हा वाचला. साक्षीदारानें आपलें नांव, जन्मस्थळ आणि नातें सांगून, विवाहाची माहिती आपल्याला कशी झाली तें लिहावें, असें तेथें म्हटलें आहे. आमच्या नैयायिकांनीं शब्दप्रमाणाविषयीं हेंच सांगितलें. ज्यानें वस्तु यथार्थ जाणली आणि जशी जाणली तशी जो सांगतो तो आप्त. आणि त्याचें वाक्य तें प्रमाण. मराठींत मात्र ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक, आपल्या बाजूचा माणूस. दोन्ही अर्थ एकाच माणसांत सांभाळावयाचे, हीच त्या क्षणीं माझी अडचण होती.

मीं मसुदा बाजूस ठेवून नवें पत्र लिहिलें. लग्नाला मी हजर होतों. सप्तपदी डोळ्यांनीं पाहिली. त्यानंतर ही मुलगी सासरीं राहते हें मी जवळजवळ रोज पाहतों. सकाळीं मी फिरून येतों त्या वेळीं ती गच्चीवर पतीशीं फोनवर बोलत असते, आणि मला पाहून पदर सांवरून नमस्कार करते. सासूबाईंना दवाखान्यांत ठेवलें होतें त्या रात्रीं पतीशीं बोलून सारी व्यवस्था तिनें केली, तेव्हां मी तेथें बसलों होतों. प्रेम हा शब्द त्या पत्रांत आला नाहीं.

मुलाखतीची तारीख अजून यावयाची आहे. पत्र पुरेसें ठरेल कीं नाहीं, मी सांगूं शकत नाहीं. सत्य सांगणाऱ्याचें काम होतेंच असाही नियम नाहीं. फाईलींत पन्हाळ्याचें एकच छायाचित्र आहे. त्याच्या मागें सुनेनें तारीख घातली आहे आणि खालीं लिहिलें आहे: “पाऊस होता. लवकर परतलों.”