अवधूताच्या दोन गुरू आणि रिकामे घर



दत्तभक्त मंडळी, अवधूताचे 24 गुरू आपण दरवर्षी दत्तजयंतीला ऐकतो. भागवताच्या 11व्या स्कंधात, 7 ते 9 या अध्यायांत ती कथा आहे. यदुराजाने त्याला विचारले काय? ‘महाराज, तुमच्याजवळ काहीच नाही, मग तुम्ही एवढे आनंदात कसे?’ अन् उत्तरात आले कोण, तर कबुतर, मधमाशी, कोळी, बाण करणारा कारागीर. सगळे वाटेत भेटलेले!

मी आज सगळे 24 सांगत नाही, दोघीच सांगतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरोघर त्यांचीच गरज दिसते.

पहिली कुमारी. आपण धानाच्या मुलखातली माणसं, ही गोष्ट आपल्याला फोडून सांगायला नको. घरची मंडळी बाहेर गेलेली, ओसरीवर पाहुणे आलेले. ती आत साळी कांडायला बसली. बांगड्या वाजू लागल्या. घरात तांदूळही नाही, हे पाहुण्यांना कळू नये म्हणून तिनं एकेक काढत हातात एकच ठेवली. एकट्यानं राहावं म्हणजे कलह नाही, असा याचा अर्थ सांगतात. तो खराच आहे. पण मला त्यात आणखी एक दिसतं. बांगडी एक उरली, तरी मुसळ थांबलं नाही.

आपल्याकडे काय होतं? लेक पुण्याला, पोरगी सासरी, जोडीदार देवाघरी. मग ‘एकट्यासाठी काय रांधायचं?’ म्हणून चूलच थंड. चहा-टोस्टवर दिवस निघतो. मंडळी, हा वैराग्याचा प्रकार नव्हे. ही उपासमार आहे. मी अशी घरं पाहिली आहेत, म्हणून जरा कडक बोलतो.

दुसरी पिंगला. तिच्या नावाला संकोचू नका, अवधूत संकोचला नाही. येणाऱ्याची वाट पाहत ती अर्ध्या रात्रीपर्यंत आतबाहेर करत राहिली. कोणी आलं नाही. शेवटी तिनं आशा सोडली, देवाला आठवलं आणि निवांत झोपली. आपलं दार म्हणजे आता मोबाइल. रविवारी लेकाचा फोन येईल म्हणून सकाळपासून तो मांडीवर. लेकावरची माया सोडा असं मी म्हणत नाही. फोन आला तर बोला, पोटभर बोला. पण तोवर डोळे मोकळे ठेवा.

आपल्या झाडीत पाहायला काय कमी आहे? पावसाळ्यात वारुळावर सात्या उगवलेल्या दिसल्या, की म्हातारं माणूसही लहान पोरासारखं हाका मारतं. वास्त्याची भाजी आहे. चैत्रात पहाटे मोहाचा सडा पडतो, त्याचा वास गावापर्यंत येतो. (वेचायला मात्र एकट्यानं जाऊ नका, वाघाचं भय आहे. चौघं मिळून जा.) आता मार्गशीर्षात धान निघालं, तरी बांधी रिकामी नाही. उभ्या धानात फेकलेली लाखोळी हिरवी झाली आहे. तिचे कोवळे शेंडे खुडून आणा, लसूण घालून भाजी करा. एकट्याचीच असली तरी करा, आणि आधी दत्तमहाराजांना नैवेद्य दाखवा.

गेल्या वर्षी पालखीआधी मी एका आजींना विचारलं, ‘माय, आज काय पाहिलं?’ त्या म्हणाल्या, ‘लाखोळीले निळं फूल आलं, महाराज. एकच आहे आतालोक.’

यंदा पालखीला शेजारी जो उभा असेल, त्याला तेवढंच विचारा.