जे आपले नाही, ते विकायचे कसे?

इंग्रजी बोलीभाषेत 'बाय ऑफ' असे एक क्रियापद आहे. पैसे देऊन साक्षीदाराला गप्प केले, तपासनिसाला डोळेझाक करायला लावली, की त्याला 'बाय ऑफ' केले असे म्हणतात. माणूस विकत घेतला आणि वाटेतून दूर केला, हे त्या शब्दात निदान उघड दिसते. आपण मात्र त्याच व्यवहाराला 'चहापाणी' म्हणतो आणि आदरातिथ्याचा शब्द लाचेला देऊन टाकतो.

या सौद्यात नेमके काय विकले जाते? अधिकाऱ्याची सही किंवा साक्षीदाराची साक्ष ही त्यांच्या मालकीची वस्तू नाही; ती अमानत आहे. तिचा खरा हक्कदार सौद्याच्या वेळी तेथे हजरही नसतो. लोकांची संपत्ती अन्यायाने खाऊ नका आणि ती बळकावण्यासाठी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचू नका, अशी ताकीद दिव्य कुरआनने (2:188) दिली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर लाच देणारा आणि घेणारा या दोघांचाही धिक्कार केला आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) यांना प्रेषितांनी खैबरच्या खजुराच्या पिकाचा अंदाज घेण्यासाठी पाठविले होते. तेथील बागायतदारांनी आपल्या स्त्रियांचे दागिने गोळा करून त्यांच्यापुढे ठेवले आणि आकारणीत सूट मागितली. त्यांनी ती लाच हराम म्हणून नाकारली. त्या लोकांविषयी मनात तीव्र नाराजी असूनही, तिच्यापायी त्यांच्यावर अन्याय करणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा, याच न्यायावर आकाश व पृथ्वी उभी आहे, असे उद्गार त्याच बागायतदारांनी काढले. लोभाने त्यांचे माप कमी झाले नाही आणि रागाने वाढलेही नाही.

मग हक्काचाच दाखला कोणी अडवून धरला तर? दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल, तर अशा वेळी गुन्हा घेणाऱ्याचा, असे अनेक धर्मशास्त्रज्ञांनी म्हटले आहे. परंतु ही सवलत असहाय माणसासाठी आहे, रांग चुकवू पाहणाऱ्यासाठी नव्हे. आपण नोट पुढे सरकवतो, तेव्हा रांगेत मागे राहिलेल्या कोणा गरिबाची पाळी आपण विकत घेतलेली असते. त्याला ते कदाचित कधीच कळणार नाही. पण आखिरतच्या न्यायालयात तो आपला हक्क मागायला उभा राहील, आणि तेथे कोणालाच विकत घेता येणार नाही.