पथ्य आणि पोळी

वजन उतरवायला घेतलेल्या माणसाने सणाच्या ताटाचे काय करायचे, याची दोन उत्तरे दिली जातात. एक, ठरवलेले वजन येईपर्यंत गोड आणि तळलेले पूर्ण बंद. दोन, सगळे खावे, पण बेताने. पहिले उत्तर देणाऱ्याला इथे निषेधवादी म्हटले आहे, दुसऱ्याला मितवादी. शास्त्रग्रंथांच्या रिवाजाप्रमाणे पूर्वपक्ष आधी मांडायचा, आणि तो लंगडा करून मांडला तर पुढच्या वादाला काही अर्थ उरत नाही.

वाद हवेत राहू नये म्हणून होळीची पुरणपोळी समोर घेऊ. एका मध्यम पोळीला हरभऱ्याची डाळ साधारण ३० ग्रॅम, गूळ तेवढाच, आवरणाची कणीक २५ ग्रॅम आणि वरून दोन चमचे तूप धरले, तर डाळीच्या सुमारे ११०, गुळाच्या ११५, कणकेच्या ८५ आणि तुपाच्या ९० अशा एकूण ४०० कॅलरी होतात. कुठे पोळी मोठी, कुठे तूप वाटीने, तेव्हा आकडा वरखाली होणार. ‘गुळाची आहे, चालते’ हे समाधान मात्र खोटे आहे. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात, तेवढ्याच गुळात ३८०. वजनाच्या बाबतीत हा फरक नसल्यासारखाच.

निषेधवादी इथूनच सुरुवात करतो. “वजन उतरवणारा माणूस दिवसाला चारशे-पाचशे कॅलरी कमी खातो. एका पोळीत त्याचा अख्खा दिवस गेला. चालून भागवतो म्हणाल, तर सत्तर किलोच्या माणसाला त्यासाठी सात-आठ किलोमीटर चालावं लागेल, तेही भरल्या पोटी, फाल्गुनाच्या उन्हात. आणि एक पोळी खाऊन पाटावरून उठलेला माणूस दाखवा मला.”

मितवादी दुसरा हिशेब मांडतो. “दिवस गेला, आठवडा नाही गेला. एक किलो चरबी म्हणजे साडेसात हजारांहून जास्त कॅलरी. तुमच्या पोळीची चरबी झालीच, तर ती पन्नास ग्रॅमची. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो ते बहुतेक पाणी असतं. पिष्ट आणि मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. दोन-तीन दिवसांत ते उतरतं. लोक मात्र तो आकडा बघून ‘गेलं सगळं’ म्हणतात आणि उरलेल्या करंज्यांचा डबा उघडतात.”

शेवटचे वाक्य गमतीचे वाटले तरी त्यामागे प्रयोग आहे. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये चवीच्या चाचणीचे निमित्त सांगून काही जणींना आधी मिल्कशेक दिला, मग हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, म्हणजे पोटाने आपले काम केले. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांचे उलट झाले. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी जास्त आइस्क्रीम खाल्ले. नेम मोडलाच आहे, तर आता कशाला राखायचे, असा तो हिशेब.

मितवादी याला जोडून अमेरिकेतला मिनेसोटाचा उपासमारीचा प्रयोगही पुढे करतो. १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले, पण त्यांच्या डोक्यात दिवसरात्र खाण्याखेरीज काही राहिले नाही. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत, आणि प्रयोग संपल्यावर कितीही खाल्ले तरी अनेकांचे समाधान होईना.

“थांबा,” निषेधवादी म्हणतो, “ती माणसं भुकेली होती. बटाटे, सलगम आणि पाव खाऊन जगत होती. माझा माणूस भाकरी, भाजी, आमटी, ताक पोटभर घेणार आहे. फक्त पोळी घेणार नाही. उपासमार आणि पथ्य एका पारड्यात टाकू नका.”

हा आक्षेप बिनतोड आहे. मिनेसोटाचा दाखला इथे लागू पडत नाही, आणि पथ्याविरुद्ध लिहिणारे तो सर्रास वापरतात. मिल्कशेकचा दाखला मात्र टिकतो. त्यातून निषेध वाईट असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की निषेध मोडला की तो थोडा मोडत नाही.

यावर दोघेही जुन्या ग्रंथांकडे वळतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे की आहार सोडणाऱ्याचे विषय सुटतात, पण त्यांची गोडी आत उरते. ज्ञानेश्वरांनी त्यावर भाष्य करताना जिभेला इतर इंद्रियांपासून वेगळे काढले. बाकीच्यांचे विषय तोडता येतात, जिभेचा तसा हट्टाने तोडता येत नाही, कारण जगणेच तिच्यावर चालते. मितवाद्याला याहून चांगला आधार मिळणार नाही. दारू सोडणारा दारूचे दुकान टाळू शकतो. खाणे कमी करणाऱ्याला दिवसातून दोन-तीनदा त्याच दुकानात जावे लागते.

“पण गीता तिथं थांबत नाही,” निषेधवादी आठवण करून देतो. “ती उरलेली गोडी परमात्मदर्शनानं जाते म्हणते. आठवड्यातून एक लाडू खाल्ल्यानं जाते असं कुठंही म्हटलेलं नाही.”

मितवादी चरकाकडे जातो. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अंगवळणी पडलेली अहितकर सवय एकदम न सोडता चतुर्थांशाने, टप्प्याटप्प्याने सोडावी असे सांगितले आहे. निषेधवाद्याचे उत्तर तयारच असते. “चरक हळूहळू सोडायला सांगतो, हळूहळू खात राहायला नाही.” ग्रंथाधार इथे बरोबरीत सुटतो.

खरी गाठ पुढे आहे. ‘बेताने’ हा शब्द सगळ्यांना पटतो, कारण प्रत्येकाचा बेत वेगळा असतो.

“एक पोळी,” मितवादी म्हणतो.

“एक हे ठरवणार कोण?”

“खाणारा.”

“कधी? ताटावर बसल्यावर? वाफाळलेली पोळी समोर, तुपाची धार चाललेली, आणि निवाडा जिभेनं करायचा? आरोपीलाच न्यायाधीश केलंत तुम्ही.”

“ताटावर नाही. आदल्या दिवशी. पोट भरलेलं असताना ठरवायचं की उद्या एक पोळी, तीही जेवणाच्या सुरुवातीला, भाताच्या ऐवजी. सोबत कटाची आमटी आणि कोशिंबीर. पानावर बसल्यावर नव्याने काही ठरवायचं नाही.”

“आदल्या दिवसाचं मन जिभेचं कोणी लागत नाही का? उद्या पोळी आहे म्हणून आज उपास, आज उपास केला म्हणून उद्या दोन. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याकडे कोणी उगाच म्हणत नाही.”

“म्हणून मापाबरोबर तिथीही ठरवायची. होळीला पोळी, गणपतीला मोदक. मनात आलं म्हणून नाही, पंचांगात आहे म्हणून. माणसानं निवडलेला दिवस जीभ फिरवू शकते, पौर्णिमा फिरवू शकत नाही.”

हा मितवाद्याचा सर्वांत भक्कम मुद्दा. निर्णय घेण्याची वेळ आणि खाण्याची वेळ वेगळी केली, आणि वेळ नेमण्याचा अधिकार खाणाऱ्याकडून काढून पंचांगाकडे दिला, तर जिभेच्या हाती फारसे काही राहत नाही. इथे वाद संपायला हवा होता. तो संपत नाही, कारण निषेधवादी भिंतीवरचे कॅलेंडर उलगडतो.

संक्रांतीला तिळगूळ आणि गुळाची पोळी. होळी. पाडव्याला श्रीखंड. अक्षय्य तृतीयेपासून आमरस, तो आंबा संपेपर्यंत. नारळी पौर्णिमेला नारळीभात. गणपतीत दहा दिवसांचे प्रसाद आणि घरोघरची बोलावणी. दसरा, कोजागरीचे मसाला दूध, मग दिवाळीची चकली, करंजी, शंकरपाळे, अनारसे, चिवडा. मधे लग्नसराई, बारशी, डोहाळजेवणे. शिवाय पंचांगात नसलेल्या तिथ्या: ऑफिसातला वाढदिवसाचा केक, कोणाच्या बढतीचे पेढे, मुलाच्या निकालाचे आइस्क्रीम.

“यातली कुठली तिथी धरायची आणि कुठली सोडायची, हे परत जिभेलाच विचारणार ना?”

“ऑफिसचा केक सोडायचा. जे वर्षभर दुकानात मिळतं, त्याला तिथीची सवलत नाही.”

“मग श्रीखंडही गेलं. ते बारा महिने डब्यात मिळतं. मोदकही मिळतात. मुळात तुमचं पंचांग ज्या काळातलं आहे, त्या काळात सण संपला की डबा रिकामा असायचा. तूप महाग, साखर जपून वापरायची, पुरण वाटायला अर्धा दिवस जायचा. त्या माणसांनी बेत पाळला नाही, त्यांना तो परिस्थितीनं पाळायला लावला. गरिबीनं राखलेला नेम तुम्ही संस्कृतीच्या नावावर खपवताय.”

या आक्षेपाला मितवाद्याकडे पुरे उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. सणाचे खाणे आरोग्यदायी होते असे जे म्हटले जाते, त्यातले निम्मे श्रेय टंचाईला आहे. टंचाई गेली तेव्हा तेच ताट तेवढ्याच पुण्याईचे राहिले नाही. मितवादी फार तर एवढे म्हणू शकतो की जे काम टंचाई करत होती ते आता नियमाने करायचे. पण तसे म्हणताच त्याच्या हातात एक उलट प्रश्न येतो.

“तुमचा ‘कधीच नाही’ तरी कोण पाळतं? तेच मन. न्यायाधीश तोच आहे, फक्त खटला एकदाच चालवलात.”

“एकदाच चालवला, हाच तर फायदा. मला रोज मोजायला लागत नाही.”

“किती दिवस?”

“वजन उतरेपर्यंत.”

“आणि मग?”

निषेधवादी इथे अडखळतो. उतरवायचे वजन सहा महिन्यांत, वर्षात उतरते. ते खाली ठेवायचे असते आयुष्यभर, आणि उतरलेल्या वजनाचा बराच भाग पुढच्या काही वर्षांत परत येतो हा बहुतेकांचा अनुभव आहे. घटलेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागते, म्हणजे जुने खाणे परत सुरू केले की जुने वजनही येणार. ज्याने वर्षभर पोळी बंद ठेवली तो ‘नाही’ म्हणायला शिकला. ‘एक’ म्हणायला शिकला नाही, आणि पुढची सगळी वर्षे त्याला त्याच विद्येवर काढायची आहेत.

वादाचा आणखी एक भाग ताटाबाहेरचा आहे. पंगतीतला आग्रह हा यजमानाचा धर्म मानला गेला, आणि पानात पडलेले टाकू नये हा जेवणाऱ्याचा. हे दोन नेम एकत्र आले की मधल्या माणसाचे काही चालत नाही. निषेधवाद्याची सोय इथे मोठी आहे. ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ म्हटले की वाढणारा हात थांबतो. ‘एकच’ म्हणणाऱ्यापुढे थांबत नाही. “अहो, एकीनं काय होतंय” हे ठरलेले उत्तर येते. मितवाद्याने पानावर हात आडवा धरायला शिकावे, आणि यजमानाने दुसऱ्यांदा विचारून थांबावे. तिसऱ्यांदा वाढणे हे प्रेम नव्हे.

दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट मात्र चहाच्या कपात आहे. दिवसाला तीन कप आणि कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे २५ ते ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेल्या किंवा मुक्त साखरेपासूनची ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, आणि ५ टक्क्यांखाली आली तर आणखी बरे. दोन हजार कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. ती मर्यादा चहातच संपली. या साखरेच्या वर्षाकाठी सुमारे ४०,००० कॅलरी होतात. वर्षातल्या दहा पुरणपोळ्यांच्या होतात ४,०००. चहासोबतचे बिस्किट, चारच्या सुमारास मूठभर फरसाण, टीव्हीपुढची शेव यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. त्यांच्यासाठी कोणी तिथी पाहत नाही, त्यांची आठवण ठेवून कोणी पोळीसारखी वाटही पाहत नाही. सणाच्या पोळीवर एवढे वाद होतात, कारण ती दिसते.

निषेधवाद्याला इथे शेवटचा शब्द द्यायला हवा. “मग माझा निषेध तिथं लावा. चहातली साखर, बिस्किट, फरसाण, हे कायमचं बंद. त्यात कोणाचा सण बुडत नाही.” मितवाद्याची याला हरकत नाही. ही तडजोड दोघांनाही अपुरी वाटते, पण रोजच्यासाठी निषेध आणि सणासाठी माप ही वाटणी व्यवहारात सर्वांत जास्त टिकते.

ही वाटणी सगळ्यांना लागू नाही. मधुमेह असणाऱ्याने पोळीचे माप पंचांगाला विचारू नये, डॉक्टरांना विचारावे, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याने सणासाठी आदल्या दिवशी उपास तर मुळीच करू नये. ज्यांना एकदा सुरुवात केली की हात थांबतच नाही, पोट दुखेपर्यंत खाणे होते आणि नंतर लाज वाटते, त्यांच्या बाबतीत हा स्वभावाचा दोष नसून उपचार असलेला आजार असू शकतो. त्यांनी हा वाद घरी सोडवत न बसता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. बाकीच्यांनी होळीला एक पोळी घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशीपासून चहा बिनसाखरेचा.