मधल्या ठाण्याचं काय?

नया पूल ओलांडून अफझलगंजला आलं की उस्मानिया इस्पितळापाशी दिसणारे कित्येकजण तिथे आलेलेच नसतात; बस बदलायला उतरलेले असतात. शहर जोडलं जातं ते अशा उतरण्या-चढण्यातूनच.

इंटरनेटवरही संदेश ठाण्याठाण्यावर उतरतो, त्याची नक्कल पुढे निघते. क्वांटम संदेशाला ही सोय नाही. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल निघत नाही, हे १९८२ साली सिद्ध झालं. चोराला नक्कल जमत नाही म्हणून या वाटेने पाठवलेली, संदेशांना कुलूप लावणारी गुप्त किल्ली सुरक्षित. हरकाऱ्यालाही जमत नाही म्हणून ती लांब जात नाही.

काचेच्या तारेत शंभर किलोमीटरनंतर हा संदेश वाहणाऱ्या शंभर फोटॉनांपैकी, म्हणजे प्रकाशकणांपैकी, एखादाच उरतो. हजार किलोमीटरसाठी सेकंदाला दहा अब्ज सोडले, तरी पलीकडे एक पोचायला सरासरी तीनशे वर्षं. अफझलगंज ज्याच्या नावाने वसलं तो निजाम अफझल-उद्-दौला १८६९ साली वारला. त्याने पाठवायला घेतलं असतं, तर आपण अजून वाटच पाहत असतो.

याच हैदराबादेत ९ डिसेंबर २०२० रोजी डीआरडीओने आपल्या डीआरडीएल आणि आरसीआय या दोन प्रयोगशाळांमध्ये क्वांटम संपर्क करून दाखवला. पल्ला १२ किलोमीटरचा. दोनच टोकं, मधे कुणी नाही. भानगड तिसऱ्यापासून सुरू होते.

चीनचा बीजिंग-शांघाय क्वांटम मार्ग सुमारे दोन हजार किलोमीटरचा, वाटेत ३२ ठाणी. दर ठाण्यावर किल्ली उघडी पडते. म्हणजे तारेवर भरवसा नाही म्हणून एवढा खटाटोप, आणि भरवसा शेवटी चौकीदारावर!

दुसरी युक्ती देखणी आहे. मधल्याने दोन्हीकडून आलेले गुंतलेले, म्हणजे टोकाकडच्या जोडीदाराशी अवस्था जोडलेले, फोटॉन एकत्र मोजायचे. टोकं एकमेकांत गुंततात, मधल्याला गुपित कळत नाही. पण दोन्ही बाजू एकाच वेळी तयार क्वचितच असतात. एकीला थांबावं लागतं. थांबायला क्वांटम स्मृती लागते, आणि ती फार लवकर विसरते. शिवाय गुंता एकदा वापरला की संपला. रस्ता प्रत्येक फेरीला नव्याने बांधायचा. अशा जाळ्यात जवळची वाट चांगली असेलच असं नाही. जिथली ठाणी थांबू शकतात, ती चांगली.

१९ एप्रिल २०२३ ला मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये दोन हजार किलोमीटरचा शहराशहरांतला पल्लाही आहे आणि स्मृती असलेलं बहुठाणी जाळंही. पल्ल्याची बातमी होते, स्मृतीची होत नाही. तरी पैसा आधी स्मृतीवर लावावा.